शिवण

अंबड चौफुलीच्या पुढं, टायरवाल्याला लागून
माझं पत्र्याचं शेड.
पाटीवाल्यानं 'पॉलिश'मधला ल उलटा काढला,
तसाच ठेवलाय. लोक त्याच्यावरूनच पत्ता सांगतात.

लिंबाजी खरात आले ते भर दुपारी,
एकतीस वर्षं एसटी हाकून
फंडाच्या पैशात घेतलेली काळी इंडिका घेऊन,
दुसऱ्याच्या हातची, पण त्यांची पहिली.
"चकाकी गेली बघ, मुनीर. रोज पुसतो,
एक दिवस खाडा नाही.
तरी उन्हात उभी केली की चरे दिसायलेत,
गोल गोल, भिंगरीगत."

मी गाडी आत घेतली, शटर अर्धं ओढलं
आणि बॉनेटवर टॉर्च तिरका धरला.
उजेडाभोवती जाळं उठलं,
कोळ्याचं असावं तसं, केसाहून बारीक.
टॉर्च सरकवला की जाळंही सरकायचं,
मधे बसलेला कोळी तेवढा दिसायचा नाही.

"कशानं पुसता, मामा?"

सीटखालून त्यांनी काढलं घडीचं खाकी फडकं.
जुन्या शर्टाचा पुढचा भाग:
काजांची पट्टी, खिशाची जाड दुहेरी शिवण,
बिल्ल्याची दोन भोकं.

एमआयडीसीतल्या भट्ट्या रात्रभर जे वर सोडतात
ते पहाटे खाली बसतं.
कुलरवर, गच्चीतल्या कुरडयांवर, गाडीच्या टपावर.
लोखंडच ते. कोरड्या कापडानं निघत नाही,
नुसतं फिरतं.
सांगू का नको करत सांगितलं.

ते फडक्याकडं बघत राहिले.
"म्हणजे हे मीच करायलो? रोज सकाळी?"

मग पाणी, शाम्पू, मग ते औषध,
जे लोखंडाला लागलं की जांभळं होऊन ओघळतं.
पांढरी गाडी असती तर नीट दिसलं असतं,
काळीवर फक्त वास येतो, सडक्या अंड्याचा.
मामांनी उपरणं नाकाला लावलं, पण हलले नाहीत.
मग मातीसारखा मऊ गोळा फिरवला पत्र्यावरून,
खरखर थांबेपर्यंत.

मशीन लावलं तेव्हा म्हणाले,
"चरे भरायलास का?"
"भरत नसतात, मामा. चऱ्याचा तळ जिथं आहे
तिथवर भोवतालचा रंग खाली आणायचा."
बराच वेळ काही नाही. मग हसले:
"गेवराई रोडला असंच करायला पाहिजे होतं.
खड्डे बुजवण्यापेक्षा रस्ताच खाली घ्यायचा."

पण रंग केवढा असतो?
कांद्याच्या पापुद्र्याएवढासुद्धा नाही.
एकदा जमतं, दोनदा जमतं,
तिसऱ्यांदा खालचा पत्रा वर बघायला लागतो.
डाव्या दरवाज्यावर एक चरा नखाला लागत होता.
मीटर लावलं, आकडा बघितला, मशीन बंद केलं.
"हा काढायचा नाही."
"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "तो माझा नाही, आधीच्याचा आहे."

मेण लावायला संध्याकाळ झाली.
इतकं पातळ, की लावलंय हे बोट ओढल्यावरच कळावं.
धुकं धरलं की पुसायचं.
शेवटचा दरवाजा त्यांनी मागून घेतला.
मी नवं मऊ फडकं दिलं, म्हटलं, "सरळ, मामा. गोल नाही."
दोन हात सरळ गेले,
तिसऱ्याला वळण घ्यायला लागले.
"हाताला गोलच येतं रे," म्हणाले.
एकतीस वर्षांचं स्टिअरिंग.

पैसे मोजून दिले. दोन नवी फडकी विकत घेतली.
खाकी फडकं मात्र झटकलं, घडी केली,
आणि विचारलं, जसं कुणाच्या घरी विचारावं:
"काचेला चालंल?"
"काचेला चालंल."

शेडातून निघताना टपावर ट्यूबलाइट उभी दिसली,
एका रेघेत, न विस्कटता.
इंडिकेटर त्यांनी पार आधीच दिला, बस वळवतात तसा.
चौफुलीला थांबा नाही, तरी क्षणभर थांबले,
आरशात बघितलं,
मागून कुणी पळत येत नाही ना,
आणि मग गेले.