एकास दहा

दोन हिवाळे गेले.
पत्रा सार्डिनच्या डब्यांचा,
छताची कनात बायकोच्या जुन्या एप्रनमधून कापलेली.
ती म्हणाली, निदान खिसा तरी राहू दे.
गंज खरा, फाटकाच्या बिजागरीवरून खरवडलेला.
चिखलही खरा, ह्रोन नदीच्या काठचा,
सरसात कालवून चाकांच्या कमानींत भरलेला.
नाकावर सुटं चाक, कुशीला फावडं,
रंग तेव्हाचाच, मळकट पिवळा,
काविळीतल्या डोळ्यांसारखा.
चव्वेचाळीस सालची जर्मन लष्करी गाडी.
तिच्या नावातच बादली आहे
आणि दिसतेही तशीच: चार दारांची बादली.

मी ब्लाझेय. पाइप कारखान्यात
एकतीस वर्षं लेथवर होतो.
केसभर चुकलं तरी माझी झोप उडते.
खरी गाडी तीन मीटर चौऱ्याहत्तर,
माझी सदतीस सेंटिमीटर, चार मिलिमीटर.
तेवढं सोडून फरक दाखवा,
असं मी पैज लावून सांगत असे.
आत माणूस मात्र बसवला नाही.
चेहरे मला जमत नाहीत.

जूनमधल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर,
ती पहिल्यांदा गल्लीत सोडली.
रिमोटची काडी रेटली,
मोटर माशीसारखी गुणगुणली,
चाकं खडीवर चढली, डुलली, उतरली.
कोंबड्या उधळल्या.
वेन्देलीनची पोरं ओरडत मागे.
धूळसुद्धा मापात उडत होती,
मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

वळणावर, झोफियाबाईंच्या अंगणासमोर,
काडी सोडली. गाडी थांबली.
त्या वाटाणे सोलत होत्या.
मांडीवरचं भांडं कलंडलं नाही,
फक्त हात थांबले.
एक दाणा अंगठ्यात आणि बोटात
तसाच.

आता शिव्या बसणार.
मी जुळवाजुळव करू लागलो:
छंद आहे हो, इतिहास आहे,
नुसतं खेळणं.
शब्दांचा तोंडातच चोथा झाला.

त्या उठल्या, वाकल्या,
अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वाकता येतं तेवढं.
"मागचं उजवं दार," म्हणाल्या,
"लागत नव्हतं ते.
त्यांनी आमची कपडे वाळत घालायची दोरी मागितली.
आईने आधी ओले कपडे काढले,
घडी घालून टोपलीत ठेवले,
मग दोरी दिली.
मामाला आत बसवून
दार तिनेच बांधलं."

पोरं गप्प.
गाडीचा बारका दिवा उगाचच लुकलुकत होता,
तो मी हौसेने लावला होता.

"मागे कशी जाते ही?"

मी काडी दाखवली.
त्यांनी ती अंगठ्याने ओढली, अजून ओढली.
गाडी वाकडीतिकडी मागे सरकली,
खाजऱ्या पाल्यात शिरली, बाहेर पडली,
विहिरीच्या कठड्याला घासली
(तिथला रंग गेला तो गेलाच),
उतारावरून उलटी, पुलापर्यंत.
तिथे थबकली.
त्या काडी ओढतच होत्या.

"पलीकडे नाही जात?"
"नाही. रेंज संपली."
"बरं," त्या म्हणाल्या, आणि रिमोट परत दिला.
आत सूप उतू जात होतं.

संध्याकाळी त्यांची पणती पाकीट देऊन गेली.
आत वीतभर दोरी, तागाची, काळपट.
तीच का, मी विचारलं नाही.
ती तर गाडीबरोबरच गेली असणार.
मागे खुंटीला एखादं टोक राहिलं असेल,
किंवा नसेलही.

दोरीचे पीळ उकलून एकच पदर घ्यावा,
मेण लावून बारीक करावा,
हे मला समजत होतं.
हात त्याला तयार होईना.
आहे तशीच बांधली.
दाराएवढी गाठ झाली.

सप्टेंबरात झ्वोलेनला स्पर्धा.
परीक्षक तरुण, सभ्य, गळ्यात भिंग.
गंजाला पूर्ण गुण, चिखलाला पूर्ण गुण.
मग उजव्या बाजूला आला आणि थांबला.
"ही दोरी मापात नाही."
"नाही," मी म्हणालो.
"गाठ तर फारच मोठी आहे."
"हो."
त्याने तीन गुण कापले
आणि कागद पुढे केला.
कारण मान्य असेल तर खाली सही करायची असते.
मी केली.