तिसऱ्या ओळीचा अर्थ

लोटलीत, चिंचेपलीकडच्या घरी
रजिस्टर पत्र घेऊन उभा होतो.
एस्पेरान्सा अंगणात सोलं पसरत होती,
हात कोपरापर्यंत लाल,
ओठांवर तोच मांडो.

अर्थ काय याचा? मी विचारलं.

पहिल्या ओळीत तो म्हणतो, रात्री येईन,
कुत्रा बांधून ठेव.
दुसरीत ती म्हणते, बांधून काय उपयोग,
तो आता तुझ्यावर भुंकत नाही,
आणि घरातल्यांना नेमकं तेच ऐकू येतं.

आणि तिसरी?

तिनं सोलं उलटली, एकेक,
आत्ताच उलटलेलीसुद्धा.
तुमच्या मराठीत नाही तो शब्द.

जीव ओवाळणं?

हसली.
ओवाळून झालं की तुम्ही तबक खाली ठेवता.
इथं ठेवायला जागाच नसते.

मग झग्याला हात पुसून सही केली.
नवऱ्याचं पत्र, बोटीवरून आलेलं,
न फोडता खिशात घातलं.
माझ्या वहीवर तिचा अंगठा उमटून राहिला, ओला.

सायकल वळवली.
फाटकापाशी ध्यानात आलं:
चार वर्षं माझ्या पोटऱ्यांवर डूख धरलेला तिचा लिआंव
पायरीवर हनुवटी टेकून पडला होता,
नुसती शेपटी हलवत.