नरसूबाईचा डबा

पुरुषांची नावं सातबाऱ्यावर असतात,
बायकांची भांड्यांवर.
हे मला कळलं देगलूरला, माळ्यावरची पितळ
मोडीत घालायच्या आधी चिंचेनं घासताना.
एका डब्याच्या काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं:
नरसूबाई मुक्कावार, फसली तेराशे सत्तावन्न.
झाकण नाही.

आमच्या घरात नरसूबाई कोणी नव्हतीच.
वंशावळीच्या कागदावर नऊ पुरुष
शिडीवर चढल्यासारखे एकाखाली एक,
आणि एका नावाच्या बाजूला रेघ,
रेघेच्या टोकाला कोरा कागद.
काकांना विचारलं. म्हणाले,
"जुनं उकरू नको माय, वाटण्या झालेल्या आहेत."

मग रोज रात्री मी फोनमध्ये शोधायला लागले.
मुक्कावार पुण्यात निघाले, यवतमाळात निघाले,
एक तर कॅनडात, गुडघाभर बर्फात उभा.
सगळ्यांनी जोडलेले हात पाठवले.
नरसूबाई कुणालाच ठाऊक नव्हती.

एकदा कंटाळून आडनावातला 'वार' खोडला.
मांजरेपलीकडे तो गळून पडतो,
हे मला कधीच सुचायला हवं होतं,
तीस वर्षं हजेरी घेतेय मी तिकडून आलेल्या लेकरांची.
नुसतं मुक्का. आणि गाव बोधन,
कारण आप्पा एकदा तापात
साखर कारखान्याच्या भोंग्याबद्दल बरळले होते.

हारिका मुक्का, वय बावीस.
डब्याचा फोटो पाठवला. दोन दिवस नुसत्या निळ्या खुणा.
तिसऱ्या दिवशी एक आवाज आला, अकरा सेकंदांचा,
म्हातारा, खरखरीत, मागे कुकरची शिट्टी:
"मूत मा दग्गरे उंदी."
व्हरांड्यात होते मी. सहावीची पोरं हसून आडवी झाली.
मूत म्हणजे तिकडे झाकण.
झाकण आमच्याजवळच आहे, सांगत होती सत्तेम्मा,
नरसूबाईची सून.

साठेक किलोमीटर. दोन तासांची एसटी.
आमच्या मधून नदी होती, मग राज्याची सीमा आली,
आणि आता एक "कोण तुम्ही?" आभाळात जाऊन परत आलं.

तिकडची गोष्ट अशी: थोरल्यानं डबा दाबून ठेवला,
आत अडीच शेर तूप होतं.
इकडची काकांनी शेवटी सांगितली, भिंतीकडे तोंड करून:
धाकटा रातोरात निघाला, झाकण मुद्दाम नेलं,
आपल्याला नाही तर कुणालाच नाही म्हणून.
तूप मात्र दोन्ही गोष्टींत अडीच शेरच आहे.

मी तोंडावर हात ठेवून मोजलं. अकरा बोटं.
हारिकानं मोजलं. साडेनऊ.
तुझी बोटं जाड असतील, म्हटलं.
मग दोघींनी पट्टी लावली.
नाही बसत.
पण झाकणावर नाव तेच, टिंबंही तीच,
'र'ची शेपटी तशीच तुटकी.

म्हणजे डबे दोन होते.
म्हणजे आमचं झाकण कुठल्यातरी तिसऱ्या घरात
मिठावर नाहीतर चिंचेवर बसलेलं आहे,
आणि ती माणसं आपल्याला कसली आडनावं लावतात
कुणास ठाऊक.

काल सत्तेम्मा पडद्यावर आली, नुसतं कपाळ आणि एक कान.
डब्यात काय ठेवतेस, म्हणून विचारलं.
काही नाही, म्हणाले. मोडीत घालणार होते.
हारिकानं ते तेलुगूत सांगितलं. बहुतेक थोडं गाळून.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मला वाटलं रेंज गेली.
मग हारिका म्हणाली, आजी म्हणतेय, आतून दाखव.

मी डबा दिव्याकडे तिरपा केला.
तळाशी एक काळसर वर्तुळ होतं.
तुपाचं असेल. नसेलही.