उकळू द्यायची नाही

दार लोट, तिलेन. पाठीनं लोट,
हातानं बंद होईल असला वारा नाही हा.
नानोसच्या माथ्यावरून बुर्या उतरला
की आमच्या गावात कौलांवर दगड ठेवतात,
माझ्यासारख्या हलक्या बाईनं तर
ते खिशातही घालावेत.

तीन दिवस वीज नव्हती.
तू खांबावरून उतरलास, दिवा लागला
आणि मला माझंच स्वयंपाकघर परक्याचं वाटलं.
केवढी ती जळमटं!
बस. मोजे काढ, चुलीच्या दांडीवर टाक.
गाडी तुझा जोडीदार चालवणार ना?
मग तुला पेला, त्याला चहा.

शिकायचं असेल तर बघ.
पातेलं टवके उडालेलं चालतं,
आच मात्र बाळंतिणीच्या शेगडीसारखी हवी.
आधी घोटभर पाणी, त्यात अकेशियाचा मध,
दालचिनीची एक कांडी, सात लवंगा.
सात का, विचारू नकोस.
सासूबाई सात घालायच्या,
त्यांना पुढे मोजताच येत नसे, असं झोर्को म्हणायचा.
तमालपत्र दारातल्याच झाडाचं.
संत्र्याची साल, आतलं पांढरं खरवडून,
नाहीतर कडूपणा तुझ्याआधी पेल्यात जाऊन बसतो.

मग वाइन.
अंहं, ती बाटली नको. ती चांगली आहे.
चांगलीला कशाला हवाय मसाला?
कोपऱ्यातला तो बुधला आण, वेताच्या टोपलीतला.
वास घेतलास?
असू दे, तोंड वाकडं करू नकोस,
मला माहीत आहे.

झोर्कोची शेवटची बार्बेरा.
त्या वर्षी त्याच्या नाकातून वास निघून गेला.
आधी साबणाचा,
मग पेटत्या लाकडाचा,
मग माझा.
डॉक्टर म्हणाला, वय. हा म्हणाला, सर्दी.
पिंपावर वाकून तासन्‌तास उभा राहायचा
आत कुणी बोलत असल्यासारखा.
मार्चमध्ये पहिला पेला माझ्या हातात दिला.
'कशी आहे?'

व्हिनेगर होती रे.
पुरती नाही, उंबरठ्यावर.
चाळीस वर्षांत मी त्याच्या वाइनला
उगाच म्हणून कधी चांगलं म्हटलं नव्हतं,
मळ्यावरून, बुचांवरून, बहिणीच्या हिश्शावरून
आमची भांडणं साऱ्या दरीनं ऐकलेली.
मी म्हणाले, 'छान.'
तो बघत राहिला माझ्याकडे जरा वेळ.
मग बाराच्या बारा बुधल्यांवर
स्वतःच्या हातानं खडूनं वर्ष लिहिलं.

दर थंडीला एक.
हा बारावा.
खडू पुसट झालाय, बोट लावू नकोस.

हलवत राहा. लक्ष पातेल्यावर, माझ्यावर नको.
कडेला मोहरीएवढे बुडबुडे दिसले
की लगेच उतरव.
उकळू द्यायची नाही.
उकळली की तिच्यातलं जे काही असतं
ते छताला जाऊन लागतं
आणि खाली उरतं गोड, लाल पाणी.
त्या मार्चपासून पुढच्या नाताळापर्यंत
मीही तेच करत होते.
कडेला बुडबुडे आले
की उठून परसात जायचं,
लाकडं मोजायची, परत यायचं.

हं, उतरव.
गाळणी तिथं, खिळ्याला.
दोन्ही हातांनी धर पेला, आधी बोटं शेकू देत,
जीभ मागाहून.

काय म्हणालास?
वाऱ्यात ऐकू नाही आलं.
पुन्हा म्हण. जरा मोठ्यानं,
त्या कोपऱ्याकडे तोंड करून.

हो. आमच्याच मळ्यातली.
झोर्कोनं केली.

आणि तो जोडीदार बाहेर गाडीत कशाला गारठतोय?
बोलाव त्याला.
चहा नाहीतरी संपलाय.
दार पाठीनं लोटायला सांग.