नाकाचा तास

कारंज्याच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथं आधी टायपिंगची मशिनं होती
तिथं आम्ही अकराजण शिकतो
अन्न आणि वाइन : विपणन व विक्री.
जिल्हा दारूबंदीचा.
म्हणून झामरे सरांच्या बाटलीत कोरा चहा असतो,
पांढऱ्या वाइनच्या जागी
संत्र्याची साल उकळलेलं पाणी.
बाटल्या मात्र खऱ्या,
सरांचा भाचा नागपूरच्या हॉटेलात वाढपी आहे.

"ग्लास दांडीनं धरा. पोटाला हात लावायचा नाही."
पंकेश पोटच धरतो,
लोट्याची सवय.
आधी रंग. मग फिरवणं. मग नाक.
मग एक घोट, जो गिळायचा नाही,
कोपऱ्यातल्या बादलीत थुंकायचा.
वहीत शेवटचा रकाना : चव किती वेळ राहते?
मी लिहिते, हिशेबाच्या तासापर्यंत.
सर, साखर तरी टाकत जा.

घरी मी अर्धाच कोर्स सांगितलेला.
'अन्न' म्हटलं
आणि 'आणि'च्या अलीकडे थांबले.
कारण आई म्हणजे अंतकलाबाई नेहारे,
बारा वर्षं गावच्या दारूबंदी मंडळाची अध्यक्ष.
पऱ्हाटीच्या ढिगाखाली, नाल्याच्या रेतीत,
एकदा तर अंगणवाडीच्या मागच्या टाकीत
पुरलेला मोहसडवा
तिनं नुसत्या वासानं काढला.
पोलीस पाटील म्हणायचा,
"कुत्रं कायले बलावता? बाईले न्या."

फेब्रुवारीत शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर
पालकाची सही लागली.
फॉर्मवर कोर्सचं नाव पूर्ण होतं.
ती दारात उभी. हातात फॉर्म.
टेबलावर सहा ग्लास, उंच मानेचे,
त्यांत तांबूस काहीतरी.

सर घाईनं उठले,
"बाई, चहा आहे हो, चहा."

ती आत आली.
ग्लास उचलला, दांडीनंच
(कोणी सांगितलं नव्हतं),
नाकाशी नेला, डोळे मिटले.
असे डोळे मिटलेली ती मी नाल्यावर पाहिली होती,
मागं चाळीस बाया, श्वास धरून.

"चहाच हाय.
पण बाटली बराबर नाही धुतली.
जांभूळ हाय याच्यात. पिकून एक दिस झालेलं.
आन लाकूड. धूर लागलेलं लाकूड."

सरांनी बाटली फिरवली,
चष्मा कपाळावर चढवून मागचा बारीक मजकूर वाचला :
जांभूळ. ओकच्या पिंपात मुरवलेली.
'ओक' शब्दाला दर वर्षी वर्गात कोणीतरी हसतं.
त्या दिवशी पंकेशही हसला नाही.
सर चार वर्षं पुस्तकातून नाक शिकवत होते.

तिनं पदरानं नाक पुसलं.
"हे इकशील तू?"
"हो."
"कुठी?"
"नागपूरले. हॉटेलात."
"कोणाले?"

तिसरं प्रकरण, ग्राहकाची ओळख :
वय, उत्पन्न, शहर, आवड.
मला दहापैकी नऊ मार्क होते.
तोंडातून शब्द निघाला नाही.

थोडा वेळ थांबून तिनं सही केली,
'ने'ची मात्रा नेहमीसारखी विसरून.

बसस्टँडपर्यंत दोघी चालत आलो.
संत्र्याचे ट्रक लागलेले,
हमाल क्रेट फेकत होते, एक फुटला,
तिनं दोन फळं उचलून आत ठेवली
आणि बोटं हुंगली.

"थुकता म्हणे तुम्ही?"
"हो."
"सबन?"
"सगळं."

बराच वेळ नुसत्या चपलांचा आवाज.
"तुया बापानं थुकलं असतं तं..."
म्हणाली, आणि आर्वीची गाडी लागली.

पायरीवर चढून, पिशवी मांडीवर घेऊन,
खिडकीतून वाकून :
"सराले सांगजो,
बाटली राखेनं घासा म्हणा. साबणानं नाही जात."