एक घर सरकलेलं

वेंगुर्ल्याच्या बंदर रस्त्यावर माझं दुकान.
रिक्षांच्या सीटा, टेम्पोचे हूड,
मे महिन्यात लग्नाच्या गाद्या.
आणि काल टेम्पोतून उतरली ही:
दोन माणसांची, बुटकी, हिरवी मोटार,
बेडकासारखी जमिनीला टेकलेली.
गवाणकर डॉक्टरांची.
मी दारातूनच ओळखली
आणि उगाच हातातल्या कात्रीकडे बघत राहिलो.

भाचा पुण्याहून आलाय, ऋत्विज नाव.
मोबाइलवर फोटो दाखवतो,
“हे फडकं काढा काका, काळं लेदर घाला.”
फडकं.
अरे, साहेबाच्या देशात कुठल्याशा गिरणीत
एकेक सूत मोजून विणलंय हे:
काळं घर, पांढरं घर, काळं, पांढरं,
आणि दर चौथ्या घराच्या कडेने
तांबडी रेघ, मुंग्यांच्या रांगेएवढी.
शर्यतीच्या गाडीला
कुणाला सुचलं असेल
असं घरच्या चादरीसारखं कापड?
वळणावर माणूस घसरत नाही म्हणे यावरून.
चामड्यावरून घसरतो.
शिवाय आमच्या हवेत चामड्याला
आषाढात मिशा फुटतात.

उजव्या सीटवर डॉक्टर बसलेत अजून,
खोलगट, किंचित दाराकडे कललेले.
डावीकडे कोणी नाही.
तिथे औषधांची पेटी बसायची,
आरवलीला, शिरोड्याला, मोचेमाडच्या घाटीतून,
तांबड्या धुरळ्यात.
उन्हाने सगळी घरं पिवळी पडली,
पेटीखालची तेवढी नवी.
माणूस बसला असता
तर सावली इतकी चौकोनी पडली नसती.

त्या डाव्या सीटची पाठ शिवली
तेव्हा मी चौदा वर्षांचा.
बस्त्याव मेस्तांनी कात्री पहिल्यांदा माझ्या हातात दिली,
“नूर, रेघेवर रेघ. हे कापड परत मिळायचं नाही.”
मी श्वास धरून कापलं
आणि एक घर चुकलं.
शिवणीपाशी येऊन सगळी नक्षी
एक पायरी खाली उतरते.
बघा, अजून उतरते.
मेस्त काही बोलले नाहीत.
बोलले असते तर बरं.
डॉक्टर आले, शिवणीवरून बोट फिरवलं,
पैसे मोजले, पेटी ठेवली, गेले.
त्यानंतर ती गाडी रस्त्यावर दिसली
की मी पडलेली टाचणी शोधायला वाकायचो.

आज कड्या कापल्या, एकेक.
आतून काथ्या निघाला.
मूळ भरण घोड्याच्या केसांचं असतं,
हा आपला, रेडीच्या सुंभवाल्याकडचा,
मेस्तांनी हाताने पिंजलेला,
खाडीत कुजल्याचा गोडसर वास अजून आहे त्याला.
थोडी वाळू. थर्मामीटरचं एक टोपण.
आणि चुकलेल्या तुकड्याच्या उलट्या बाजूला
शाईच्या पेन्सिलीने, दमटपणात जांभळं पसरलेलं
मेस्तांचं अक्षर:
“नूरची सीट. मजुरी त्याला.”

त्या शनिवारी
पगारात पंधरा रुपये जास्त होते.
मला वाटलं, म्हातारा मोजायला चुकला.
मी सांगितलं नाही.
महिनाभर ते काजूबियांच्या डब्यात पुरून ठेवले,
मग सावंतवाडीला जाऊन चपला घेतल्या.
घरी खोटं बोललो:
मेस्तांनी दिल्या.

भाच्याचा फोन वाजतोय.
“लेदरचं काय ठरलं, काका?”
तुकडा खडूच्या डब्याखाली सरकवतो,
म्हणतो, बुरशी येते हो इथं,
कापडच घालूया.
इचलकरंजीला एक जण आहे विणून देणारा,
फक्त घरं मोजून पाठवावी लागतील.
हो, हो.
मोजतोय.