अकरावा रकाना

फॉर्म हिंदीत, डॉक्टर रोहतकचे,
पेशंट हिंदळ्याचा. मधे मी,
माजी सैनिकांच्या दवाखान्यातली कंत्राटी कारकून.

हवालदार धाकू हिंदळेकर. वय बासष्ट.
दोन वर्षं जाफन्यात.
टोपी मांडीवर, चपला दाराबाहेर,
मी दोनदा सांगूनही.

उदास वाटतं?
"माका कित्याक उदास वाटात? भात पिकता, पेन्शन येता."
मी 'नाही'वर खूण करते.
वाईट स्वप्नं?
"सपान नाय. माड."
मी मान वर करते.
"थंय माड होते. हंयय माड."
एवढंच. जणू पत्ता सांगितला.

मग बायको बोलते, मागच्या बाकावरून,
एक्स-रेचा लिफाफा पोटाशी धरून:
रात्री झावळ पडली की हे खळ्यात पालथे.
विहिरीवर जात नाहीत, ती माडांत आहे.
भरतीला पोटात पाणी चढतं म्हणतात,
ओहोटीला उतरतं.
तीन डॉक्टरांनी पोट तपासलं. पोट चांगलं आहे.

रवळनाथाला कौलही लावला होता.
उजवी कळी पडली तर बाहेरचं,
डावी पडली तर घरातलं.
दोन्ही चिकटूनच राहिल्या.
दुपार टळली, गुरव जेवायला गेला.

डॉक्टर विचारतात, क्या बोल रही हैं?
मी 'पेट' म्हणते. 'नारियल' म्हणते.
ते घड्याळ बघतात.

धाकू हसतो, पहिल्यांदाच.
"जगतार म्हणान एक होतो, तरनतारनचो,
मद्रासाक हास्पिटलात बाजूच्या खाटेर.
दिवाळेक फोन करता. म्हणता, दिल घटता.
तेचा घटता, माझा चढता.
पण तेका शेतात झोप लागता.
गव्हाक झावळ नसता."

'दिल' ऐकताच डॉक्टरांचं पेन उठतं.
घबराहट? हां हां, घबराहट!
आणि जगतारच्या दुखण्यावरची गोळी
धाकूच्या नावावर लिहिली जाते,
रात्री जेवणानंतर, एक.

खाली अकरावा रकाना: अन्य.
बोटभर जागा.
मी लिहिते, माड.
खोडत नाही.

खिडकीतून दिसतं,
आवारात एकच माड, शोभेचा, बुंध्याला गेरू फासलेला.
फाटकाकडे जायला वाट तिथूनच.
धाकू थांबतो. चप्पल नीट करतो, नीटच असलेली.
बायको काही बोलत नाही,
लिफाफा या हातातून त्या हातात घेते
आणि माडाच्या बाजूने चालू लागते.